दुसऱ्या चेलोची जागा

मेंडेल्सनच्या ऑक्टेटचा शेवटचा भाग अगदी तळातून सुरू होतो. आठांपैकी सात जण गप्प असतात आणि दुसरा चेलो एकटा, जाड तारांवर, धावत सुटतो. मग पहिला चेलो तोच धागा उचलतो, मग व्हियोला, मग चारही व्हायोलिनं. पणजीत बालवादकांच्या निधीसाठी झालेल्या मैफलीत त्या दुसऱ्या चेलोच्या खुर्चीवर सतरा वर्षांची एक मुलगी होती. सोपी जागा पाहून तिला तिथे बसवलं असेल, असं कार्यक्रमपत्रिका वाचणाऱ्याला वाटलं असतं. तालमीला हजर असलेल्या कुणाला तसं वाटलं नसतं.

माझ्याकडे खुर्च्या, स्टँड आणि चिमटे होते. चिमटे म्हणजे कपडे वाळत घालायचे, लाकडी. गोव्यात पंखा लावला की स्वरलिपीची पानं उडतात, बंद केला की घामाने बोटं तारांवरून घसरतात. म्हणून प्रत्येक स्टँडवर चार चिमटे. पावसाळ्यात हाल आणखी वाईट: लाकूड फुगतं, खुंट्या अडकतात, सरसाने जोडलेली कड सुटते. तालमीच्या खोलीत एका व्हायोलिनची कड चिकटवून, क्लॅम्प लावून कोपऱ्यात ठेवलेली होती, आणि तिचा वादक दुसऱ्याच्या वाद्यावर सराव करत होता.

अशा मैफलींना चेंबर म्युझिकच का निवडतात, याचं पहिलं उत्तर हिशेबाचं आहे. पूर्ण वाद्यवृंद उभा करायचा तर साठ-सत्तर माणसं, संचालक, टिंपनी आणायला टेम्पो, मोठं सभागृह. जमलेल्यातली बरीच रक्कम तिथेच संपते. आठ माणसं दोन-तीन मोटारींत मावतात. मुंबईहून येणाऱ्या चेलोवादकाने रेल्वे पकडली, कारण विमानात चेलोसाठी वेगळी सीट घ्यावी लागते. मानधन कुणीच घेतलं नाही. पैसे लागले ते सभागृहाला, छपाईला आणि चहाला.

दुसरं उत्तर मला तालमीत मिळालं आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनच्या मागच्या रांगेत बसलेलं मूल लपू शकतं. पुढच्याचा बो (गज) वर गेला की आपलाही न्यायचा, सूर चुकला तर दहा जणांत तो विरतो. ऑक्टेटमध्ये प्रत्येक ओळ एकाच माणसाची. समोर संचालक नाही. सुरुवात कोण देतं? पहिला व्हायोलिनवादक श्वास घेतो. तो श्वास ज्या लयीत घेतला, त्याच लयीत वाजवायचं. मुलांना हे आधी पटत नाही. ती पानाकडे बघतात, खांदे ताठ करतात आणि अर्ध्या क्षणाने उशिरा येतात. ज्येष्ठ वादकांपैकी एक जण वारंवार एकच सांगत होते, “कागद पाठ झालाय ना? मग माझ्याकडे बघ.” मुलगा म्हणाला, “होय सर,” आणि त्याने पुन्हा कागदाकडे बघितलं.

बसण्याची रचनाही विचारपूर्वक होती: एक जुना, एक नवा, पुन्हा एक जुना. पेन्सिल सगळ्यांच्या स्टँडवर. अप-बो, डाऊन-बो कुठे, बोचा किती भाग वापरायचा, यावरच तालमीचा निम्मा वेळ गेला. बाहेरच्याला हा कारकुनी कामाचा भाग वाटेल. पण चार व्हायोलिनांचे बो चार दिशांना गेले, तर कानांआधी डोळ्यांनाच ते खटकतं, आणि वाक्यही तुटतं.

मेंडेल्सनने हे 1825 मध्ये लिहिलं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. आपल्या व्हायोलिन शिक्षकाला, एदुआर्द रित्झला, वाढदिवसाची भेट म्हणून. सगळ्या वादकांनी हे सिंफनी वाद्यवृंदाच्या थाटात वाजवावं, हळू आणि मोठ्याने वाजवण्याच्या खुणा काटेकोर पाळाव्यात, अशी सूचना त्याने स्वतः दिली आहे. म्हणून वाद्यवृंदात जाऊ पाहणाऱ्या मुलांना याहून चांगला धडा सापडणं कठीण. तिसरा भाग, स्कर्त्सो, जवळजवळ पूर्ण कुजबुजत वाजवायचा आहे, तोही वेगात. मोठ्याने आणि जलद सगळ्यांना जमतं. हळू आवाजात आणि जलद वाजवायला लागलं की उजव्या हाताचं खरं शिक्षण बाहेर पडतं. त्या भागाला तालमीत सर्वांत जास्त वेळ लागला आणि, खरं सांगायचं तर, कार्यक्रमातही तो पूर्ण सुटा झाला नाही.

दया दाखवायला आलेले श्रोते अशा कार्यक्रमांचं थोडं नुकसान करतात, असं माझं मत झालं आहे. प्रत्येक भागानंतर टाळ्या, “किती गोड वाजवतात” असं पुटपुटणं. पूर्वार्धात ज्येष्ठांनी द्वोर्झाकचं ‘अमेरिकन’ क्वार्टेट वाजवलं, 1893 चं. त्याची पहिली धून व्हायोलिन नव्हे, व्हियोला मांडतो; द्वोर्झाक स्वतः प्रागच्या रंगभूमीच्या वाद्यवृंदात व्हियोला वाजवायचा. तेव्हा लोक कौतुक करत बसले नव्हते, ऐकत होते. उत्तरार्धातल्या मुलांनाही हेच ऐकणं हवं होतं, सवलत नको होती.

गोव्यात हे शिक्षण नवीन नाही. चर्चच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या मुलं सोल्फेज (स्वरनामं घेऊन गाणं) आणि व्हायोलिन शिकली. त्यातून मुंबईच्या चित्रपट संगीताला वादक आणि अॅरेंजर मिळाले: सेबॅस्टियन डिसूझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. संगीतकार प्यारेलाल या गोन्साल्विसांकडेच व्हायोलिन शिकले. स्टुडिओत साठ-साठ माणसं बसायची, म्हणून घरात व्हायोलिन वाजवणाऱ्याला पोटाची चिंता कमी होती. सिंथेसायझर आले आणि त्या खुर्च्या गेल्या. मुंबईत 2006 मध्ये एनसीपीए या कलासंस्थेने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. त्यातले बरेच वादक कझाकस्तानसारख्या देशांतून आले, कारण तितके तयार वादक इथे नव्हते. आज शिकणाऱ्या मुलाने त्या खुर्च्यांपर्यंत पोहोचायचं, तर तारा, शिक्षक आणि सोबत वाजवणारी माणसं, तिन्ही लागतात. निधीतून पहिल्या दोन विकत घेता येतात. तिसरी ऑक्टेट स्वतःच पुरवतो.

चेलोच्या मुलीने शेवटचा भाग सुरू केला तो तालमीपेक्षा जलद. पहिल्या चेलोवर तिचे शिक्षक होते. ते धावले, पण तिच्या लयीतच आले, तिला मागे खेचलं नाही. दोन बारांत व्हियोलाही जुळले. मधे कुठेतरी एक व्हायोलिन सुटलं आणि पुन्हा पकडलं गेलं.

नंतर खजिनदारांनी मागच्या खोलीत वही उघडली. यादी आधीच तयार होती: चेलोच्या खालच्या दोन तारा, तीन बोंना नवे घोड्याचे केस, ओबोच्या रीड्स, राळ. ओबोची रीड काही आठवड्यांत थकते, म्हणून ती ओळ दर वेळी असते. खाली एक मोठी वस्तू होती, व्हियोला. तिच्यासमोर किंमत लिहून शाईने गोल केलेला होता. पैसे मोजून झाल्यावरही तो तसाच राहिला आणि बाकीच्या ओळींवर बरोबरच्या खुणा पडल्या.