पलसाण्याची संक्रांत

आपल्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांत संक्रांत दोन मजल्यांवर साजरी होते. खाली माजघरात सुगडी, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी, बोरे, तिळगूळ आणि सुनांच्या अंगावरची काळी चंद्रकळा. वर गच्चीवर फिरकी, पतंग आणि सकाळपासून चाललेली आरोळ्यांची दंगल. खालचा सण आपल्या पूर्वजांनी दक्षिणेतून बरोबर आणला, वरचा या भूमीने दिला. दोहोंमधल्या जिन्यावर आपले आयुष्य गेले. गेल्या संक्रांतीस मात्र हा जिना मी दुसऱ्याच गावी चढलो, आणि वर जे पाहिले ते वाचकांच्या कानी घालावे असे वाटते.

माझा पुतण्या सुरतेकडच्या एका कापड प्रोसेसच्या गिरणीत हिशेबनीस आहे. पलसाण्यास भाड्याच्या घरात राहतो. त्याच्या मुलाचे यंदा बोरन्हाण होते. फोनवर सूनबाई म्हणाली, ‘काका, हलव्याचे दागिने मी केलेत, पण घरचे वडीलधारे कोणी नको का?’ मग पुतण्याने फोन घेतला आणि जरा अडखळत म्हणाला, ‘येताना वाचायचा चष्मा विसरू नका. एक प्लॉट पाहायचा आहे.’ या दुसऱ्या वाक्यासाठीच मला बोलावणे होते हे माझ्या ध्यानी आले.

पलसाणा हे नाव आमच्या घरी परके नाही. एकत्रित मुंबई राज्यात १९४९ साली बडोदे संस्थान विलीन होईपर्यंत पलसाणा हा गायकवाडीच्या नवसारी प्रांतातील महाल होता, आणि माझे आजोबा काही वर्षे तेथील वहिवाटदार कचेरीत कारकून होते. शेजारची बारडोली मात्र इंग्रजी हद्दीत. त्यामुळे १९३० साली सरकारी जुलमाला कंटाळून बारडोलीकडचे शेतकरी गुरेढोरे घेऊन गायकवाडी गावांत आले, ती हिजरत आजोबांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्या चळवळीत जप्त झालेल्या जमिनी काहींनी लिलावात मातीच्या मोलाने घेतल्या. पुढे १९३७ नंतर काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि त्या जमिनी मूळ मालकांना परत मिळाल्या. आजोबा म्हणत, ‘दुसऱ्याच्या अडचणीतून स्वस्त मिळालेली जमीन पोटात ठरत नाही.’ लहानपणी हे वाक्य मला कारकुनी थाटाचे वाटे. यंदा त्याचा अर्थ कळला.

भोगीच्या दिवशी पोहोचलो. सूनबाईने आपली लेकुरवाळी भाजी केली होती, आणि शेजारच्या पटेल बाईंनी मातीच्या भांड्यातले उंधियुं पाठविले होते. दोन्ही वाट्या शेजारी ठेवून पाहिल्या तर त्या सख्ख्या बहिणी निघाल्या: वांगे, शेंग, कंद, एकीत तीळ, दुसरीत हिरवा लसूण आणि मेथीचे मुठिये. उंधियुंची खरी पापडी कतारगामची, असे सुरतकर अजून सांगतात; पण कतारगामच्या वाड्यांवर केव्हाच सुरतेची वस्ती चढली. संध्याकाळी पुतण्याने पोंक आणला. आपला हुरडा तोच हा पोंक, फक्त सुरतेने त्याच्या जोडीस लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेचे दाणे दिले. थंडीत तो खाताना मला आजोबांच्या धुंधुरमासातल्या पहाटेच्या खिचडीची आठवण झाली.

हा धुंधुरमास गुजराथेत ‘कमुरता’ म्हणून ओळखला जातो. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंतच्या या महिन्यात लग्न नाही, वास्तुशांत नाही, घर-जमिनीचा सौदाही शहाणा माणूस पुढे ढकलतो. म्हणून संक्रांत उजाडली की पतंगांबरोबर दलालही मोकळे सुटतात. महामार्गावरच्या पाट्यांवर उत्तरायणाच्या सवलतींच्या जाहिराती झळकतात, आणि महिनाभर दाबून ठेवलेली हौस एका दिवसात उसळते. गिऱ्हाईक सणाच्या आनंदात, कचेऱ्या सुट्टीमुळे बंद आणि मुहूर्त चांगला! सौदा गळ्यात घालण्यास याहून सोयीचा दिवस कोणता?

उत्तरायणाच्या सकाळी बोरन्हाण झाले. नातू हलव्याचा मुकुट घालून पाटावर बसला, आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतताच गल्लीतली गुजराथी, उडिया, खानदेशी पोरे एकाच झडपेत सर्व लुटून गेली. मग आम्ही गच्चीवर गेलो. त्या गच्चीवरून पलसाणा सारा दिसतो. एका बाजूस ऊस, दुसऱ्या बाजूस प्रोसेस-गिरण्यांची धुराडी, आणि मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्ग, ज्यास हजिऱ्याहून बारडोली-व्यारामार्गे धुळ्याकडे जाणारा रस्ता येथेच छेदतो. काकरापारचा बंधारा आणि नंतर उकाईचे धरण झाले, कालवे आले, आणि कापूस-ज्वारीच्या या काळ्या जमिनीत ऊस उभा राहिला. त्या उसाच्या तोडणीस दर हिवाळ्यात डांग, नंदुरबार, धुळ्याकडची माणसे कोयते घेऊन येतात. शेताच्या कडेला त्यांच्या झोपड्या होत्या. त्यांची मुले आमच्या गल्लीतून कटून गेलेले पतंग धावत जाऊन पकडीत होती. वरून कोणी ‘काइपो छे!’ ओरडला की खाली अहिराणीत आरोळी उठे. मला मौज वाटली आणि थोडे वाईटही वाटले.

दुपारी दलाल आला. गोड बोलणारा, हातात चिक्कीचा डबा. गच्चीच्या कठड्यावरूनच त्याने बोट दाखविले: ‘साहेब, ते पाहा, कालव्यापलीकडे. आज जमीन आहे, उद्या सोने होईल.’ त्याचे बोलणे अगदीच खोटे नव्हते. बुलेट ट्रेनचे सुरत स्थानक याच तालुक्यातील अंत्रोलीस आहे, आणि बडोदे-मुंबई द्रुतगती मार्गही तालुक्यातील एना गावाजवळून नेलेला आहे. भाव मागितला तो आजूबाजूच्या भावाच्या निम्मा. अट एकच: उद्या वासी उत्तरायणास एक लाख रुपये बाना द्यायचा, नाहीतर दुसरे गिऱ्हाईक तयार आहे.

पुतण्याचा चेहरा उजळला. मी म्हटले, ‘बाळ, कचेऱ्या बंद आहेत, पण तुझ्या फोनवर सातबारा दिसतो ना?’ गुजराथ सरकारने जमिनीचे उतारे संगणकावर ठेविले आहेत, ही गोष्ट मोठ्या उपकाराची आहे. दलालाने सर्व्हे नंबर सांगण्यास थोडे आढेवेढे घेतले, मग सांगितला. उतारा उघडला. मालकाचे नाव एका हळपती कुटुंबातल्या बाईचे. खाली दोन शेरे: ‘नवी शर्त’ आणि ‘७३ एए’.

हे दोन शेरे काय आहेत, ते जमीन घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावेत. नवी शर्त म्हणजे ती जमीन सरकारने किंवा कूळकायद्याने काही अटींवर दिलेली. कलेक्टरच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. आणि जमीन महसूल कायद्याचे ७३ एए कलम आदिवासी खातेदाराच्या जमिनीचे रक्षण करते. तीही कलेक्टरच्या परवानगीवाचून हस्तांतरित होत नाही. दलालापाशी काय होते? नोटरीचा शिक्का मारलेले साठेखत आणि एक मुखत्यारपत्र. मुखत्यारपत्रावर झालेली विक्री ही विक्रीच नव्हे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिलेला आहे.

मी दलालास म्हटले, ‘चला, जमीन पाहून येऊ.’ तो म्हणाला, ‘आज सणाचे कशाला?’ तेव्हा आम्ही दोघेच गेलो. कालव्यापलीकडे बांधावर एक झोपडी होती. दारात एक डोशी वालपापडी सोलीत बसली होती. आम्ही जमिनीविषयी विचारताच ती घाबरली. म्हणाली, मुलाच्या आजारपणात वीस हजार उसने घेतले, त्या कागदावर अंगठा दिला. जमीन विकली असे कोणी सांगितले नाही. ‘ही जमीन माझ्या सासऱ्याला सरकारने दिली. दुसऱ्याच्या शेतात राबण्यात त्याचा जन्म गेला. मी ती विकीन कशी?’

पुतण्या बोलला नाही. परतताना बांधावर थांबून म्हणाला, ‘काका, एक लाख वाचले.’ मी म्हटले, ‘तुझे एक लाख वाचले, तिचे काय?’ आजोबांचे वाक्य मी त्यास तेव्हा सांगितले.

आता वाचकांसाठी चार गोष्टी, कारण आपल्या बडोद्यातील कितीतरी घरांची मुले सुरत-अंकलेश्वराकडे नोकरीस आहेत आणि प्रत्येकास आपले अंगण हवे आहे.

पहिली गोष्ट, शेतजमिनीच्या मोहात पडू नये. गुजराथेत शेतकरी नसलेल्यास शेतजमीन विकत घेण्यास कूळकायद्याचे कलम ६३ आड येते, आणि आपल्या कोकणातल्या वा देशावरच्या सातबाऱ्यावर येथे शेतकरी ठरू, असे कोणी गृहीत धरू नये. घरासाठी बिनशेती झालेला प्लॉटच पाहावा, आणि बिनशेतीचा हुकूम तोंडी नव्हे, हाती घेऊन वाचावा.

दुसरी गोष्ट, एका उताऱ्यावर थांबू नये. नमुना ७-१२ आजची स्थिती सांगतो. हक्कपत्रकाचा नमुना ६ मागे कोणकोणते फेरफार झाले ते सांगतो. ८-अ खातेदाराची सारी जमीन दाखवितो. ‘बीजा हक’ या रकान्यात बँकेचा बोजा वा कोर्टाचा दावा लपलेला असतो. मागील तीस वर्षांचा शोध वकिलाकडून करवून घ्यावा. त्याची फी बान्याच्या मानाने फार थोडी असते.

तिसरी गोष्ट, योजनेतला प्लॉट वा फ्लॅट घेत असल्यास तिची रेरा नोंदणी पाहावी. पाचशे चौरस मीटरहून मोठी जमीन किंवा आठांहून अधिक घरे असतील तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे ही नोंदणी आवश्यक आहे, आणि नोंदविलेल्या कराराशिवाय बिल्डरास किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. खर्चाचा हिशेब करताना मुद्रांक शुल्काचे ४.९ टक्के व नोंदणीचा एक टक्का धरावा. खरेदी एकट्या बाईच्या नावे असल्यास नोंदणी फी माफ आहे. तेव्हा घर सूनबाईच्या नावे करण्यास हे आणखी एक चांगले कारण.

चौथी गोष्ट मात्र कोणत्या कायद्यात नाही. घर संक्रांतीत पाहू नये, श्रावणात पाहावे. पौषातली कोरडी, उन्हात न्हालेली जमीन सर्वांनाच आवडते. या भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असला तर भिंतींना तडे जातात. पाणी कुठे तुंबते, मींढोळा नदी वा कालवा किती जवळ आहे, गिरणीचा धूर कोणत्या वाऱ्याने घराकडे येतो, हे एका फेरीत कळत नाही. शेजाऱ्याच्या गच्चीवर बोट फिरवून पाहावे. काजळी बोटास लागली की दलालाच्या शब्दांची गरज उरत नाही.

संध्याकाळी आकाशात तुक्कल चढले. दिव्यांच्या त्या माळा उसाच्या शेतांवरून वाऱ्यात हलत होत्या. पुतण्याने सुती दोराच पुरे म्हटला. नायलॉनचा मांजा राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ पासून बंद केला आहे, तरी गल्लीत एका कबुतराचा पंख कापलेला आम्ही पाहिलाच. सूनबाईने ते टोपलीखाली झाकून ठेवले आणि पक्षी वाचविणाऱ्या करुणा अभियानाच्या मंडळींस फोन केला.

दुसऱ्या दिवशी दलाल आला. पुतण्याने चिक्कीचा डबा परत केला आणि त्यास हात जोडले. तिसऱ्या दिवशी कचेऱ्या उघडल्या. पुतण्याने अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि डोशीस घेऊन मामलतदार कचेरीत गेला. तिच्या अंगठ्याच्या कागदाविषयी अर्ज लिहून दिला. पुढे काय होईल ते कचेरीच्या हाती. माझे आजोबा ज्या गावच्या कचेरीत बसत, त्याच गावी माझा पुतण्या दुसऱ्याच्या जमिनीसाठी रांगेत उभा राहिला, याचे मला समाधान वाटले.

निघण्याच्या दिवशी डोशी दाराशी आली. पदरात सोललेली वालपापडी होती. सूनबाईने तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि आपल्या मराठीतच म्हणाली, गोड बोला. डोशीस शब्द कळले नसावेत. तिने तो तीळ नातवाच्या तोंडात घातला, आणि उरलेला पदराच्या गाठीस बांधला.

पुतण्या अजून भाड्याच्या घरात आहे. प्लॉट पाहणे चालू आहे. श्रावणात मला पुन्हा बोलाविले आहे. चष्मा घेऊन जाईन.