कपडे मनासारखे, त्वचा जशी आहे तशी

शहाद्याला खेटून असलेल्या लोणखेड्याच्या रस्त्यावर सकाळी एसटी आणि काळी-पिवळीतून विद्यार्थ्यांचे थवे उतरतात. पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या शिक्षणसंस्थांमुळे या परिसरात कला, विज्ञान, वाणिज्यापासून अभियांत्रिकी आणि फार्मसीपर्यंतचे शिक्षण मिळते. शहादा-तळोद्याच्या सपाटीवरची शेतकऱ्यांची मुले इथे असतात, तशीच धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून आलेली भिल्ल आणि पावरा समाजातील मुलेमुलीही असतात. यातल्या अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी. त्यामुळे वर्गात शिरताना पहिला प्रश्न अभ्यासाचा नसतो. ‘मी यांच्यात शोभेन का?’ हा असतो. त्याचे उत्तर शोधायला मुले आधी कपड्यांकडे वळतात. इस्त्रीचा शर्ट, नवी जीन्स, मनासारखी केशरचना, पांढरे शूज. घरच्यांना हे खूळ वाटते. पण मनाच्या दृष्टीने त्यात चुकीचे काही नाही.

कपड्यांचा मनावर परिणाम होतो का, याचा अभ्यास शास्त्रज्ञांनीही केला आहे. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की यांनी २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकच पांढरा कोट काहींना ‘डॉक्टरचा’ म्हणून, तर काहींना ‘रंगाऱ्याचा’ म्हणून घालायला दिला. डॉक्टरचा कोट समजून घालणाऱ्यांचे लक्ष अधिक एकाग्र झाल्याचे दिसले. पुढे २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्याच अभ्यासातील एक प्रयोग मोठ्या गटावर करून पाहिला, तेव्हा तसा फरक आढळला नाही. म्हणजे कपडे बदलल्याने बुद्धी वाढते असे सांगणे घाईचे ठरेल. मात्र आवडीचा, स्वच्छ आणि अंगाला सोसणारा पोशाख घातला की माणूस मोकळेपणाने वावरतो, हा अनुभव सर्वांचाच आहे.

सातपुड्याला तर हे कोणी शिकवायची गरज नाही. काठीच्या होळीला नवस फेडणारे अंगावर ठिपके रेखतात, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप चढवतात, कमरेला घुंगरे बांधतात आणि रात्रभर नाचतात. पावरा स्त्रियांचा चांदीचा साज आजही बघणाऱ्याची नजर खिळवून ठेवतो. दरवर्षी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, नंदुरबार जिल्ह्यातले विद्यार्थी पारंपरिक वेशात मिरवणुकीत उतरतात, तेव्हा एरवी वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी मुलेही ताठ मानेने चालताना दिसतात. या साऱ्या साजाचे एक वैशिष्ट्य आहे. तो अंगावर चढतो आणि संध्याकाळी उतरतो. अंग जसे होते तसेच राहते.

वैद्यकाला चिंता वाटते ती इथून पुढे. पोशाखाने भागत नाही असे वाटू लागले, की मुले शरीरालाच ‘दुरुस्त’ करायला निघतात. त्यातली पहिली दुरुस्ती असते रंगाची.

डबीतला पारा

गोरेपणाच्या क्रीमचा आपल्याकडचा बाजार जुना आहे. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आली आणि २०२० मध्ये तिच्या नावातून ‘फेअर’ शब्द गेला. नामांकित क्रीममधून हा शब्द जात असतानाच दुसरीकडे नाव-पत्ता नसलेल्या डब्या ब्युटी पार्लर, आठवडे बाजार आणि मोबाइलवरून सर्रास मिळू लागल्या. ‘सात दिवसांत फरक’ हे त्यांचे आश्वासन असते आणि अनेकदा फरक पडतोही. तो कशामुळे पडतो, हे मात्र डबीवर लिहिलेले नसते.

आपल्या त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे ठरतो. ते तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळपास सारख्याच संख्येने असतात. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन बनवतात यात. मेलॅनिन ही त्वचेची छत्री आहे. ते सूर्याची अतिनील किरणे शोषते आणि आतल्या पेशींचे रक्षण करते. मे महिन्यात जिथे पारा चाळिशी ओलांडतो, तिथल्या माणसाला सावळी त्वचा ही निसर्गाने दिलेली देणगीच आहे.

पाऱ्याचे क्षार हे मेलॅनिन तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराचे काम रोखतात. म्हणून रंग उजळतो. पण पारा त्वचेवरच थांबत नाही. तो रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. तिथे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म चाळणीला इजा झाली की शरीरातील प्रथिने लघवीवाटे वाहून जाऊ लागतात. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, संध्याकाळी पाय सुजतात, वजन अचानक वाढते. वेळीच लक्ष दिले नाही तर रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा आणि मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका असतो.

ही भीती कागदावरची नाही. अकोल्यात एका विद्यार्थिनीला आणि तिच्याच घरातील आणखी दोघींना मूत्रपिंडाचा विकार झाला. तिघींमध्ये समान दुवा निघाला तो त्या वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीमचा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात या प्रकरणाचा छडा लागला आणि २०२३ च्या सुरुवातीला ते वृत्तपत्रांतून सर्वांसमोर आले. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील ‘मेम्ब्रेनस नेफ्रोपथी’ या विकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यातील १५ जणांत विकाराचा एक विशिष्ट, एरवी कमी आढळणारा प्रकार दिसला आणि या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचे क्रीम वापरल्याचे सांगितले. दिलासा एवढाच, की क्रीम थांबवल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारली. म्हणून सूज आलेल्या तरुण रुग्णाने ‘तोंडाला काय लावतोस?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे हा उपचाराचाच भाग आहे.

भारतातील सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडता अन्य प्रसाधनांत, नकळत मिसळलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाही. पण नियम लागू होतो तो कागदपत्रे असलेल्या मालाला. बिननावाच्या डबीला कोण पकडणार? एक खूण मात्र कोणालाही तपासता येते. जागतिक आरोग्य संघटनेनेही ती सांगितली आहे. ‘चांदी, सोने, अ‍ॅल्युमिनियम किंवा दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना वेष्टनावर असेल, तर आत पारा असण्याची शक्यता असते. ज्या भागात चांदीचा साज हा घराण्याचा अभिमान आहे, तिथे चांदीला चालत नाही ते कातडीला कसे चालेल, एवढा विचार पुरेसा आहे.

स्टिरॉइडचे मलम म्हणजे फेस क्रीम नव्हे

दुसरा घोटाळा औषधाच्या दुकानातून सुरू होतो. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही स्टिरॉइड आहेत. योग्य आजारात, योग्य दिवस वापरली तर ती उत्तम औषधे आहेत. पण ती लावल्यावर चेहरा काही दिवस उजळ आणि गुळगुळीत दिसतो, म्हणून एका मैत्रिणीची ट्यूब सगळ्या खोलीत फिरते. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे येतात, मुलींच्या चेहऱ्यावर लव वाढते, उन्हात गेले की आग होते. मलम बंद करावे तर लाली आणि जळजळ दुपटीने उसळते. घाबरून पुन्हा तेच मलम लावले जाते. हे चक्र तोडायला महिने लागतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री रोखली, तरी सवय सुटलेली नाही.

याच मलमांनी गजकर्णाचीही वाट लावली आहे. जाड, घट्ट जीन्स, उन्हाळ्यातला घाम आणि पावसाळ्यात न वाळलेले कपडे ही बुरशीची आवडती जागा. वसतिगृहात एकमेकांचे टॉवेल आणि फोटोसाठी जीन्स-शर्ट वापरणे नेहमीचे. मांडीच्या सांध्यात खाज सुटली की मुले लाजेपोटी डॉक्टरांकडे जात नाहीत, दुकानातून बुरशीनाशक आणि स्टिरॉइड यांची मिसळ असलेली ट्यूब आणतात. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आतून पसरत राहते. गजकर्णाचे उपचार अनेकदा चार आठवड्यांहून अधिक चालतात आणि डाग दिसेनासे झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध घ्यावे लागते. खोलीतल्या ज्यांना ज्यांना खाज आहे त्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. सुती अंतर्वस्त्रे, सैल पँट आणि कडक उन्हात उलटे करून वाळवलेले कपडे, हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय.

फिकेपणा गोरेपणा नाही

आणखी एक गैरसमज घरोघरी आढळतो. मुलगी शिकायला गेली आणि ‘उजळली’, असे कौतुक होते. कधी कधी तो उजळपणा रक्तक्षयाचा असतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५७ टक्के मुलींमध्ये रक्ताचे प्रमाण कमी आढळले. पहाटे निघणारी गाडी, चुकलेली न्याहारी, बारीक दिसण्यासाठी टाळलेले जेवण आणि दुपारी चहा-वेफर्स, अशा दिनक्रमात हिमोग्लोबिन वाढणार तरी कसे? मग जिना चढताना धाप, वर्गात झोप, केस गळणे आणि लक्ष न लागणे सुरू होते. अशा वेळी कितीही महागडा ड्रेस आत्मविश्वास देऊ शकत नाही.

आरशासमोर उभे असताना खालची पापणी ओढून पाहावी. आतला भाग लालसर हवा. तो पांढुरका दिसला तर रक्त तपासावे. गर्भवती नसलेल्या स्त्रीत हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय. खानदेशी ताटात त्याची सोय आहे. कळण्याची किंवा बाजरीची भाकरी, डाळ, हरभरा, पालेभाजी, वर लिंबाची फोड. जे खातात त्यांनी अंडी, मासे, मटण. चहा मात्र जेवणानंतर तासाभराने. नंदुरबारमध्ये सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्याने त्याची तपासणीही एकदा करून घ्यावी. सिकलसेलच्या रुग्णांनी लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात आणि उपाशी राहणे, पाणी कमी पिणे कटाक्षाने टाळावे.

टॅटूबद्दलही एवढेच. गोंदण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण यात्रेतल्या एकाच सुईने दहा जणांना गोंदले तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका असतो. सुई नवी, शाईची वाटी नवी आणि हातमोजे नवे, असे असेल तरच हात पुढे करावा. टॅटू काढल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे. सिकलसेलच्या रुग्णांना रक्ताची गरज वारंवार पडते.

एवढे जरूर करा

• उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि मुदत नसलेली कोणतीही क्रीम वापरू नका.

• ‘मर्क्युरी’, ‘कॅलोमेल’, ‘मर्क्युरस क्लोराइड’ असे शब्द दिसले तर ती डबी घरात ठेवू नका.

• नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ असलेले औषध मलमात दिसले तर ते स्टिरॉइड असू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना भेटा.

• फेसाळ लघवी, चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज दिसली तर लघवीची तपासणी करा. सरकारी रुग्णालयात ती सहज होते. वापरत असलेली क्रीम सोबत न्या.

• टॉवेल, कंगवा, जीन्स आणि मलम कोणाचे वापरू नका, कोणाला देऊ नका.

• उन्हात टोपी, रुमाल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट वापरा. डागांवर हाच पहिला उपचार आहे.

या कामात फार्मसीचे विद्यार्थी मोठी मदत करू शकतात. क्रीमवरचे बारीक अक्षर वाचून त्यातल्या घटकाचा अर्थ सांगणे त्यांच्या अभ्यासक्रमातच आहे. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात, जेव्हा प्रत्येकाला उजळ दिसण्याची घाई असते, तेव्हा महाविद्यालयात ‘तुमची डबी आणा, आम्ही वाचून दाखवतो’ असे एक टेबल मांडले तरी अनेक चेहरे आणि काही मूत्रपिंडे वाचतील.

पालक आणि शिक्षकांनी मुलांच्या जीन्सवर, रंगवलेल्या केसांवर टीका करण्यात शक्ती घालवू नये. केसांचा रंग लावण्यापूर्वी कानामागे थोडा लावून दोन दिवस वाट पाहा, एवढे सांगितले तरी पुरे. टीका करायचीच असेल तर ‘काळी’, ‘सावळी’, ‘उन्हात जाऊ नको, रंग जाईल’ या आपल्याच तोंडच्या शब्दांवर करावी. गोरेपणाच्या डबीची पहिली जाहिरात घरातच होते. ती थांबली तर मुलगी आरशासमोर उभी राहून कोणता ड्रेस घालू एवढेच ठरवेल आणि कॉलेजला वेळेवर पोहोचेल.