पाठीवरची अमानत : विमानातून पॅराशूट नेताना

पॅराशूटने उडी मारणाऱ्या माणसाला विमान दोनदा लागते. एकदा उडी मारण्यासाठी आणि त्याआधी एकदा, उडीच्या गावी पोहोचण्यासाठी. पहिल्या विमानात पॅराशूट पाठीवर असते, त्याबद्दल कोणी काही विचारत नाही. दुसरे विमान तुमच्या-आमच्यासारख्या प्रवाशांचे असते. तिथे हेच पॅराशूट बॅग म्हणून तपासणीच्या पट्ट्यावर ठेवावे लागते, आणि खरी कसोटी तिथे लागते.

सोलापूरकरांना हा विषय दूरचा वाटेल. पण होटगी रस्त्यावरच्या आपल्या विमानतळावरून जून २०२५ पासून गोव्याला विमान जाऊ लागले आणि त्याच वर्षी मुंबईचीही सोय झाली. आजवर फक्त उमरा-हजसाठी, तेही मुंबई किंवा हैदराबाद गाठून विमान पाहणारी घरे आता घराजवळून विमानात बसत आहेत. सोबत काय घ्यावे आणि काय मोठ्या बॅगेत टाकावे, हा प्रश्न रोज कोणाला तरी पडतो. तो ज्यांनी सर्वांत बारकाईने सोडवला, ते हे उडी मारणारे लोक.

उडीसाठी दूर जाणारी माणसे आपल्या महाराष्ट्रातही आहेत. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून २,४०० फुटांवरून उडी मारली. थंडी उणे ३७ अंश, आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी! २००६ मध्ये त्या अंटार्क्टिकावर उतरल्या, २०११ मध्ये पद्मश्री झाल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमधील पटाया येथे त्यांनी नऊवारी साडी नेसून उडी घेतली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून. वर्गात त्यांचे नाव निघाले की मुली विचारतात, भीती वाटत नसेल का? आम्ही सांगतो, भीती वाटते म्हणूनच तर एवढी तयारी करायची.

त्या बॅगेत असते काय?

दप्तरासारख्या दिसणाऱ्या त्या बॅगेत एक नव्हे, दोन पॅराशूट असतात. एक रोजचे, दुसरे राखीव. पहिले नीट उघडले नाही तर दुसरे. कापड नायलॉनचे, अगदी पातळ. आपल्या सोलापुरात यंत्रमागाचा आवाज ऐकत वाढलेल्या मुलांना त्याची वीण लगेच कळेल. उभ्या-आडव्या धाग्यांत ठरावीक अंतरावर एक जाड धागा घातलेला असतो. कापड कुठे फाटलेच, तर फाट त्या धाग्यापाशी अडते. चादर-टॉवेल विणणाऱ्याच्या हाताला जी गोष्ट ठाऊक, तिच्यावरच आकाशातल्या माणसाचा जीव लटकलेला असतो.

तिसरी वस्तू म्हणजे एक छोटे यंत्र. उडी मारणारा बेशुद्ध झाला किंवा गोंधळून दोरी ओढायचे विसरला, तर हे यंत्र हवेचा दाब मोजून ओळखते की जमीन जवळ आली आणि माणूस अजून दगडासारखा पडतो आहे. १९९१ पासून मिळणाऱ्या सायप्रेस या जर्मन यंत्राच्या नेहमीच्या प्रकारात ही मर्यादा जमिनीपासून सुमारे २२५ मीटर उंची आणि सेकंदाला ३५ मीटर वेग अशी आहे. त्या क्षणी एक इवलीशी दारू उडते, बारीक पाते पुढे सरकते, राखीव पॅराशूटला बांधून ठेवणारा दोरा कापला जातो आणि पॅराशूट उघडते. या यंत्राने अनेकांचे प्राण वाचवले आहेत.

आता हीच बॅग क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर कशी दिसेल, याचा विचार करा. धातूच्या कड्या, एक डबी, बॅटरी, तारा आणि तारेच्या टोकाला एक नळी. तपासणाऱ्या जवानाने थांबवले नाही तरच नवल! म्हणून यंत्राचे उत्पादक एक कार्ड देतात. त्यावर ते यंत्र क्ष-किरणात कसे दिसते त्याचे चित्र असते. समजूतदार प्रवासी ते कार्ड बॅगेच्या तळाशी ठेवत नाही, खिशात ठेवतो.

सोबतच का न्यायचे?

मोठ्या बॅगेत टाकून मोकळे का होऊ नये? कारण सरळ आहे. नव्या संचाची किंमत पाच लाख रुपयांच्या पुढे जाते. मोठी बॅग कधी चुकीच्या गावी जाते, कधी दोन दिवस उशिरा येते. शेजारच्या बॅगेतली बाटली फुटली आणि आम्ल असलेले काही नायलॉनवर सांडले, तर कापड कमजोर होते. ही कमजोरी दरवेळी डोळ्यांना दिसतेच असे नाही.

नुकसानभरपाईचे काय? परदेश प्रवासात बॅग हरवली तर १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराप्रमाणे भरपाई मिळते. तिची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय हिशेबाचे एकक आहे. रुपयांत ही रक्कम साधारण पावणेदोन लाख होते. म्हणजे पाच लाखांची वस्तू गेली तर हाती दोन लाखही नाहीत. जास्त किमतीची वस्तू असेल तर बॅग सोपवतानाच तिचे मूल्य लिहून देता येते, त्यासाठी जादा शुल्क पडते. बॅग फुटली-फाटली असेल तर ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. उमऱ्याहून परतणाऱ्यांनीही हे आकडे वहीत लिहून ठेवावेत. बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पाऊल टाकण्याआधी कंपनीच्या खिडकीवर नोंद करून पावती घ्यावी.

अमेरिकेत पॅराशूट हातातल्या सामानात नेण्याला परवानगी आहे, ते यंत्र बसवलेले असले तरी. अटी मात्र स्पष्ट आहेत. पॅराशूटमध्ये इतर सामान भरायचे नाही, बॅग उघडायची झाली तर मालकाने तिथे हजर राहून मदत करायची आणि एरवीपेक्षा अर्धा तास आधी पोहोचायचे. मालक सापडला नाही तर पॅराशूट विमानात चढत नाही. अडकलेल्या दोऱ्या कापण्याचा छोटा चाकू मात्र सोबत चालत नाही, तो मोठ्या बॅगेत.

आपल्याकडे अडचण वजनाची. देशांतर्गत विमानात सोबतच्या बॅगेला बहुधा सात किलोंची मर्यादा असते आणि हा संच सहज त्यापुढे जातो. सोलापूर-गोवा मार्गावरच्या एटीआर जातीच्या लहान विमानात डोक्यावरचे कप्पेही आखूड. म्हणून तिकीट काढतानाच कंपनीकडून लेखी होकार घेणे हाच मार्ग.

सील आणि सही

रोजचे पॅराशूट उडी मारणारा स्वतः घडी करतो. राखीव पॅराशूटची घडी मात्र परवानाधारक जाणकारच करतो. अमेरिकेत ती दर १८० दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा घालावी लागते. घडी झाली की तो त्यावर सील लावतो आणि कार्डावर सही करतो. तपासणीत कोणी चुकून मूठ ओढली, तर आतली स्प्रिंग उसळते आणि पॅराशूट बाहेर येते. मग जाणकार भेटेपर्यंत उडी बंद. पैसे भरून आलेला माणूस मैदानाच्या कडेला बसून राहतो.

ती सही आम्हाला फार मोठी वाटते. घडी घालणारा कुठे तरी दूर असतो, उडी मारणाऱ्याची आणि त्याची पुन्हा भेट होईलच असे नाही. तरी एकाने दुसऱ्याचा जीव सांभाळून घडी केलेला असतो. आपल्या भाषेत याला अमानत म्हणतात. अमानत हातात असलेला माणूस तपासणीवाल्यावर ओरडत नाही. तो म्हणतो, "साहेब, हे पॅराशूट आहे, हे त्याचे कार्ड. उघडायचे असेल तर मी उघडून दाखवतो. फक्त ही मूठ ओढू नका."

आपल्यासाठी यात काय?

बॅग बाजूला काढली की आपल्यापैकी अनेकांच्या मनात चर्र होते. नाव पाहून अडवले का, दाढी किंवा बुरखा पाहून अडवले का? ही शंका कधीच खरी नसते, असे आम्ही म्हणणार नाही. पण बहुतेक वेळा पडद्यावर न ओळखू आलेली वस्तू हेच कारण असते. दोन्ही प्रसंगांत उपयोगी पडते ती तयारी. वस्तू काय आहे ते एका वाक्यात सांगता यावे, कागद हाताशी असावा, वेळ हाताशी असावा. स्त्रियांची अंगतपासणी महिला कर्मचाऱ्यानेच आडोशाला करायची असते, तसे शांतपणे सांगा. वागणूक खरोखर वाईट असेल तर वेळ आणि ठिकाण लिहून घ्या आणि सरकारच्या एअरसेवा या सोयीवर तक्रार नोंदवा. रांगेत बॉम्बची थट्टा मात्र मुलांनाही करू देऊ नका.

सामानाचे थोडक्यात असे. पॉवर बँक नेहमी सोबतच्या बॅगेत, मोठ्या बॅगेत कधीही नाही. अडकित्ता, कात्री, सुरी मोठ्या बॅगेत. रोजची औषधे चिठ्ठीसह सोबत. तूप आणि अत्तर द्रवात मोडतात. परदेशी जाताना सोबतच्या बॅगेत शंभर मिलिलीटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. शेंगाचटणी मोठ्या बॅगेत, घट्ट बांधून. परदेशातल्या लेकाच्या शीरखुर्म्यासाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या देऊ नका. खोबऱ्यात तेल जास्त, ते आपोआप तापून पेटू शकते, म्हणून विमानाच्या नियमांत ते धोक्याच्या मालात मोजले जाते. आबे-जमजमचा पाच लिटरचा सीलबंद कॅन वेगळा द्यायचा असतो, तो कपड्यांच्या बॅगेत कोंबायचा नसतो. निघण्याआधी कंपनीचा नियम विचारून घ्यावा.

शेवटी मुलांचा आवडता प्रश्न : मग प्रत्येक प्रवाशाला पॅराशूट का देत नाहीत? प्रवासी विमान ३५,००० फुटांवर ताशी आठशे-नऊशे किलोमीटर वेगाने जाते. बाहेर उणे पन्नास अंश थंडी, श्वासापुरती हवा नाही, आणि आतल्या दाबामुळे दार उघडतच नाही. शिवाय बहुतेक अपघात उड्डाण किंवा उतरण्याच्या वेळी होतात, तेव्हा उंचीच पुरत नाही. त्या विमानात आपला जीव वैमानिकाच्या, दुरुस्ती करणाऱ्याच्या आणि तपासणी करणाऱ्याच्या हाती अमानत असतो. सोबतच्या बॅगेत काय आहे हे खरे आणि स्पष्ट सांगणे, एवढा वाटा आपला.