एक सांगाडा, अनेक वाहने

मोटारगाडीचे बाह्य रूप हे तिचे कवच होय. भार पेलतो तो खालचा सांगाडा, म्हणजेच चासी. नवी चासी आखणे, तिच्या चाचण्या घेणे आणि भागांसाठी साचे घडविणे ही कामे अत्यंत खर्चाची असतात. म्हणून एकाच चासीवर अनेक वाहने उभारण्याची पद्धत रूढ झाली.

टेल्कोचे (२००३ पासून टाटा मोटर्स) उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. जमशेदपूरला १९५४ पासून ट्रक बांधणाऱ्या या कंपनीने १९८८ मध्ये पुण्याच्या कारखान्यातून ‘टाटामोबाईल’ हे छोटे मालवाहू वाहन बाजारात आणले. त्याच्याच शिडीवजा चासीत आवश्यक ते फेरफार करून १९९१ मध्ये ‘सिएरा’, १९९२ मध्ये ‘इस्टेट’ आणि १९९४ मध्ये ‘सुमो’ ही प्रवासी वाहने तयार झाली. खर्च वाचला, शिवाय खडबडीत रस्त्यांवर टिकणारा दणकटपणाही लाभला.

तथापि मालवाहू वाहनाचे दोषही या वारशाबरोबर आले. सांगाडा जड आणि गाडीचा तळ उंच असल्याने लहान, हलक्या व स्वस्त मोटारीसाठी ही चासी निरुपयोगी होती. म्हणूनच १९९८ मध्ये आलेल्या ‘इंडिका’ची रचना मुळापासून वेगळी करावी लागली. तिच्यात निराळी चासी नव्हती. कवच हाच सांगाडा होता.