तीन अहवाल आणि एक वसाहत

अहवाललेखनाचा तास बऱ्याचदा स्नेहसंमेलनावरच संपतो: तारीख, स्थळ, प्रमुख पाहुणे, आभार. एखाद्या अहवालावर शेकडो माणसांचं आयुष्य अवलंबून असू शकतं, हे त्यातून मुलांना कळत नाही. ते कळावं म्हणून वेल्श लोकांच्या देशांतराचा 1847 ते 1902 हा काळ वर्गात शिकवायला हवा.

1847 मध्ये ब्रिटिश सरकारने वेल्समधल्या शिक्षणाचा अहवाल प्रसिद्ध केला. चौकशी करणाऱ्या तिघांपैकी एकालाही वेल्श येत नव्हतं. लोक बहुसंख्येने स्वतंत्र चॅपलमध्ये जाणारे, पण साक्षींमध्ये भरणा अँग्लिकन पाद्र्यांचा. शाळांची दुरवस्था खरी होती. तिचं खापर मात्र लोकांच्या भाषेवर आणि स्त्रियांच्या चारित्र्यावर फोडलं गेलं. निळ्या मुखपृष्ठांच्या त्या अहवालाला वेल्समध्ये आजही विश्वासघात म्हणूनच ओळखतात.

बाला गावचे धर्मोपदेशक मायकल डी. जोन्स यांनी त्याच सुमारास अमेरिकेत आणखी एक गोष्ट पाहिली होती. तिथे गेलेले वेल्श लोक आपली भाषा गमावत होते. वेल्श बोलूनच जगता येईल अशी दूरची जागा हवी, या ध्यासातून दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाचं नाव पुढे आलं. लुईस जोन्स आणि लव्ह जोन्स-पॅरी 1863 च्या सुरुवातीला चुबुत नदीचं खोरं पाहून आले. वेल्समधल्या सखल प्रदेशासारखीच ही जमीन आहे, असा अहवाल त्यांनी दिला; हा आपला दुसरा अहवाल. 28 मे 1865 रोजी ‘मिमोसा’ जहाज सुमारे दीडशे माणसांना घेऊन लिव्हरपूलहून निघालं आणि दोन महिन्यांनी, दक्षिण गोलार्धातल्या ऐन हिवाळ्यात, पॅटागोनियाच्या किनाऱ्याला पोहोचलं. समोर होता रखरखीत माळ. गोडं पाणी दुर्मीळ, नदीचं खोरं तिथून साठेक किलोमीटर दूर, आणि आलेल्यांमध्ये शेतकरी थोडे. तेहुएल्चे आदिवासींनी त्यांना शिकार शिकवली. नदीचं पाणी पाटाने शेतात घेण्याची युक्ती 1867 मध्ये सापडली. तिचं श्रेय रेचल जेंकिन्स यांना देतात.

लुईस जोन्स आणि जोन्स-पॅरी यांच्या पाहणीत खोटेपणा होता असं मला वाटत नाही. तिथे ओढ होती, आणि पाहणाऱ्याला ती सर्वांत सहज फसवते. लुईस जोन्स यांनी 1898 मध्ये वसाहतीचा इतिहास लिहिला. त्याआधी, 1894 मध्ये, ‘मिमोसा’वरूनच आलेले अब्राहम मॅथ्यूज यांचाही आला होता. एकाच घटनेची दोन प्रत्यक्षदर्शी कथनं शेजारी ठेवून वाचण्यासारखा दुसरा स्वाध्याय नाही.

तिसरा अहवाल सीमातंट्याचा. अँडीजच्या पायथ्याशी वेल्श लोकांनी पुढे वसवलेलं खोरं अर्जेंटिनाचं की चिलीचं, हा वाद ब्रिटनच्या राजसत्तेकडे गेला. पाहणीला आले सर थॉमस होल्डिच. भारताच्या वायव्य सरहद्दीच्या मोजणीत त्यांनी अनेक वर्षं काढली होती. डोंगर आणि नद्या तर त्यांनी पाहिल्याच, पण रहिवाशांचंही ऐकलं. 30 एप्रिल 1902 रोजी ट्रेवेलिनजवळच्या शाळेत जमून लोकांनी अर्जेंटिनाकडे राहण्याचा कौल दिला. त्याच वर्षीच्या निवाड्यात खोरं अर्जेंटिनाला मिळालं.

बारावीच्या उपयोजित मराठीत अहवाल शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: स्नेहसंमेलनाआधी हे तीन अहवाल मुलांसमोर ठेवा. कोणी पाहिलं, कोणत्या ऋतूत, कोणाला विचारलं आणि कोणाला नाही, हे प्रश्न त्यांना विचारू द्या. मग त्यांच्याच गावातल्या पाणीयोजनेचा अहवाल लिहायला सांगा.