पारनेर ते पॅरिस : सहलीचा हिशेब व्हिसापासूनच धरा

पारनेर : सेनापती बापट मूळचे पारनेरचे. शिष्यवृत्तीवर ते एडिंबराला शिकायला गेले, ब्रिटिश राजवटीविरुद्ध बोलल्याने ती बंद झाली आणि पुढे बॉम्बची विद्या शिकायला त्यांनी पॅरिस गाठले. आज तालुक्यातून कुणी पॅरिसला निघाले, तर ते फिरायला किंवा तिकडे शिकणाऱ्या मुलांना भेटायला. बजेट कोलमडते ते मात्र बहुतेकदा विमानात बसण्याआधीच. (हिशेबासाठी एक युरो 105 रुपये धरला आहे. दर बदलत राहतो.)

कांद्याचे पैसे आणि व्हिसा

फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांना शुल्क 90 युरो, म्हणजे सुमारे 9,450 रुपये. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45 युरो. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. व्हिसा नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. त्यामुळे रद्द न होणारे विमान तिकीट आधीच काढून ठेवू नका. किमान 30,000 युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय प्रवास विमाही सक्तीचा आहे.

खरी अडचण बँक स्टेटमेंटची. नोकरदाराच्या खात्यात दरमहा पगार दिसतो. शेतकऱ्याच्या खात्यात मात्र कांदा विकला की एकदम मोठी रक्कम येते. अर्जाच्या तोंडावर आलेली अशी रक्कम कुणाकडून आणून ठेवल्यासारखी वाटू शकते. म्हणून कांद्याची पट्टी आणि सातबारा इंग्रजी भाषांतरासह जोडा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळी कांद्याचे पैसे खात्यात मुरू द्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा बेत आखा, हे सोयीचे.

टीसीएसचे काय?

टूर कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतले की बिलात टीसीएस लागतो. तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. शेती उत्पन्न करमुक्त म्हणून विवरणपत्र भरतच नसाल, तर हे पैसे तसेच अडकून राहतील. त्या वर्षी तरी विवरणपत्र भरा.

पॅरिसमध्ये उतरल्यावर

विमानतळावरून शहरात जायचे रेल्वे तिकीट 14 युरो. सीन नदीच्या उत्तरेकडच्या भागात टॅक्सीचे भाडे ठरलेले, 56 युरो. चौघे मोठे असाल तर दोन्हींचा खर्च सारखाच, मग बॅगा ओढत जिने कशाला चढायचे? शहरात मेट्रोचे एक तिकीट 2.55 युरो, म्हणजे जवळपास 270 रुपये. हॉटेल निवडताना खोलीचे भाडे कमी आहे एवढेच पाहू नका, रोजच्या फेऱ्याही मोजा.

लूव्र संग्रहालयाचे तिकीट युरोपाबाहेरच्या पर्यटकांना जानेवारी 2026 पासून 32 युरो झाले आहे. 18 वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत, पण वयाचा पुरावा जवळ हवा.

कार्ड मशिनने 'रुपये की युरो' असे विचारले तर युरो निवडा. रुपये निवडल्यास बहुधा महागडा दर लागतो. उपाहारगृहात बाटलीऐवजी 'काराफ दो' मागा. नळाचे पिण्याचे पाणी फुकट मिळते.