वेदना मज्जातंतूची, बळी दातांचा

चेहऱ्याच्या एका बाजूस विजेचा झटका बसावा तशी कळ येते, काही सेकंद टिकते आणि ओसरते. दात घासणे, घास चावणे, बोलणे, इतकेच काय, वाऱ्याची झुळूकही तिला पुरते. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या नावाने ओळखला जाणारा हा विकार पन्नाशीनंतर व स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. कळ बहुधा गालात वा जबड्यात असल्याने रोगी प्रथम दातांच्या डॉक्टरकडे जातो. कित्येकांचे निरोगी दात उपटले जातात आणि वेदना मात्र जागच्या जागी राहते.

लंडनचे जॉन फॉदरगिल यांनी १७७३ मध्ये या विकाराचे वर्णन केले. कारण कळायला मात्र दीर्घ काळ लोटला. १९३४ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी मेंदूच्या तळाशी रक्तवाहिनी या मज्जातंतूवर दाब देते, असे नोंदविले. सततच्या स्पंदनांनी तंतूचे आवरण झिजते आणि साध्या स्पर्शाचीही वेदना होते. थोड्या रोग्यांत रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता, गाठ किंवा अन्य मज्जाविकार मुळाशी असतो. म्हणून एमआरआय तपासणी इष्ट ठरते. १९६० नंतरच्या दशकात पीटर जॅनेटा यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने ती वाहिनी तंतूपासून दूर करण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गटाच्या पाहणीत, दहा वर्षांनंतरही सुमारे ७० टक्के रोगी औषधाविना वेदनामुक्त होते.

शस्त्रक्रिया सर्वांनाच लागते असे नाही. १९६० नंतरच वापरात आलेले कार्बामाझेपिन हे पहिले औषध भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे व ते महागही नाही. त्वचेवरील गंभीर पुरळ, रक्तातील सोडियम घटणे असे धोके असल्याने ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते, इतकेच. मग टंचाई कशाची? अचूक निदानाची. वैद्यकीय सेवेच्या बाजारात ग्राहकाला आपली गरज स्वतः ठरविता येत नाही, हे केनेथ अॅरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते. दात काढण्याची सोय तालुक्याच्या गावी असते, मज्जाविकारतज्ज्ञ मात्र शहरात. रोगी साहजिकच जवळचा उपाय पत्करतो.

या टंचाईवरचा उपाय खर्चिक नाही. कळ किती क्षण टिकते, स्पर्शाने उद्भवते का, दातात खरोखर दोष दिसतो का, हे तीन प्रश्न दात उपटण्यापूर्वी विचारण्याची शिस्त दंतवैद्यांच्या व प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांच्या प्रशिक्षणात रुजविली पाहिजे. गेलेला दात परत येत नाही, आणि उशिरा झालेल्या निदानाची किंमत रोगीच मोजतो.